वजन कुठल्या तुकड्यावर

३ जून

प्रिय मास्तरीणबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता मी आमच्या सुपरवायझरकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. रागवायचं असेल तर शेवटी रागव, म्हणजे निदान वाचून तरी होईल.

तू जाताना म्हणाली होतीस, "तुमच्या घरातल्या कुणाचं पत्र नको, फोन नको." कबूल. पण ते घर आता राहिलंय कुठे? तू तुझ्या वाटेने गेलीस, माझा मुलगा बदली घेऊन दुसऱ्या शहरात गेला, आणि मी ती मोठी जागा सोडून दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. म्हणजे मी त्या घरातली नाही. वकिलाने यात खोट काढून दाखवावी. तुझा घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्या क्लासच्या पत्त्यावर पाठवते आहे. क्लासची जाहिरात पेपरात आली होती. फोटोत तू बारीक दिसतेस.

आता कामाचं. आमच्या दवाखान्यात मी बसते ती नोंदणीची खिडकी बंद होणार आहे. तिथे नंबर देणारं यंत्र बसणार. बटण दाबलं की ते चिठ्ठी देतं आणि कुणाला "काय झालंय तुम्हाला?" असं विचारत बसत नाही, म्हणून वरच्या साहेबांचं त्याच्यावर फार मन बसलंय. त्याच सुमाराला माइकवर बोलणाऱ्या बाई नोकरी सोडून चालल्या आहेत. त्यांची खुर्ची रिकामी होते आहे आणि ती मला हवी आहे.

नुसती हवी नाही, फार हवी आहे. ती खोली तू पाहिलेली नाहीस. लाकडी दार, आत एक टेबल, वर माइक, भिंतीला जाड कापड लावलेलं. आत बोललं की पाच मजल्यांवर ऐकू जातं. माझं आयुष्य "जरा हळू बोला" ऐकण्यात गेलं, आणि इथे मोठ्याने बोलायचा पगार देतात.

काम सोपं आहे. अमक्या रुग्णाच्या नातेवाइकांनी तमक्या विभागात यावं, आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत. आपल्या भाषेत मी दवाखाना डोक्यावर घेईन. अडतं ते इंग्रजी विभागांच्या नावांवर. काल सुपरवायझरनी गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी म्हणायला लावलं. मी म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही वाण्याला सामान सांगितल्यासारखं सांगताय. कुठे चढत नाही, कुठे उतरत नाही."

महिनाअखेरीला चाचणी आहे. खुर्ची मिळाली तर मी इथेच. नाही मिळाली तर मुलगा म्हणतोच आहे, "आई, ये इकडे, एकटी कशाला राहतेस." तो वाईट नाही, तुझं त्याचं जमलं नाही एवढंच. पण त्याच्या घरात तुझा विषय निघाला की तो ताटावरून उठतो. तिथे राहून तुला पत्र लिहायचं म्हणजे चोरून लिहायचं, आणि या वयात माझ्याच्याने चोऱ्या होणार नाहीत. म्हणजे खुर्ची गेली की तूही गेलीस. आडपडदा न ठेवता सांगितलं.

तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हॉटेलात नोकरीला लागणाऱ्या पोरांना इंग्रजी बोलायला शिकवायचीस, तेव्हा मी भाजी निवडता निवडता कान तिकडेच ठेवायचे. हनुवटीखाली हात धरायचा, शब्द बोलायचा, हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितके तुकडे. तुकडे मला जमतात. पण कुठल्या तुकड्यावर वजन टाकायचं ते कसं ओळखतात? तेवढा एक शब्द तोडून पाठव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुझी,
नोंदणी खिडकी क्रमांक दोन

९ जून

मास्तरीणबाई,

तुझं कार्ड आलं. ना प्रिय, ना नमस्कार, खाली सही नाही. नुसतं "गॅस्-ट्रो-एन्-ट-रॉ-ल-जी" आणि रॉच्या डोक्यावर एक रेघ. मी बाकी काही लिहू नकोस म्हटलं होतं हे खरं, पण इतकं मनावर घ्यायचं नव्हतं.

तरी सांगते, ते कार्ड हातात घेऊन मी खोलीभर फिरले. रॉ वर वजन टाकलं आणि पुढचं ल-जी नुसतं ओढत नेलं, तर शब्द असा सुळकन तोंडातून गेला की मीच दचकले. इतके दिवस मी लॉजी, लॉजी करत तिथेच मुक्काम ठोकून बसत होते. तिथे वजनच नाही, ते तर नुसतं शेपूट.

मग माझं डोकं चालायला लागलं. कागदावर कार्डिऑलॉजी तोडला. कार्-डि-ऑ-ल-जी. वजन ऑ वर. न्यू-रॉ-ल-जी. रॉ वर. डर्-म-टॉ-ल-जी. टॉ वर. रेडिऑलॉजी, तोही तसाच. शेवटून तिसरा तुकडा, शेवटून तिसरा तुकडा, एकूण एक. मी चहा गॅसवर ठेवून विसरले, पातेलं जळलं, मला काही वाटलं नाही. पाटीवर लिहिलेल्या निम्म्या दवाखान्याची किल्ली एका कार्डात आली आणि ते तू मला सांगितलंही नाहीस, माझं मला सापडू दिलंस. पोरांनाही तू असंच करायचीस. ती चिडायची.

एक गोष्ट मला आज कळली. आपल्या बोलण्यात सगळ्या अक्षरांना सारखा मान असतो, कुणी रुसायला नको. इंग्रजी शब्दात एकालाच खुर्ची मिळते, बाकीचे उभे. मला हे अन्यायाचं वाटलं, पण ऐकायला बरं लागतं हे मान्य करावं लागेल. सुपरवायझर सांगत होते की पुस्तकात या वजनाला आघात म्हणतात. दवाखान्यात आघात म्हटलं की कुणाला तरी झटका आल्यासारखं वाटतं. आपण वजनच म्हणू.

तुझी दुसरी युक्तीही आठवली. वजन सापडत नसेल तर शब्दाला लांबून हाक मारायची, गर्दीत हरवलेल्या माणसाला मारतात तशी. जो तुकडा आपोआप लांबतो, वजन त्याच्यावर. खोलीत हाक मारायला जागा पुरेना म्हणून जिन्यात गेले आणि मारली डर्मटॉलॉजीला हाक. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून दार उघडून बाहेर आले. म्हणाले, "कोण हरवलंय?" मी म्हटलं, "कुणी नाही. त्वचेचा विभाग." ते आत जातील असं मला वाटलं, तर कठड्याला टेकून ऐकत उभे राहिले. वर म्हणतात, "टॉ वर अजून ओढा. खालपर्यंत पोचत नाहीये."

सोबत आणखी शब्द पाठवते आहे. पीडिॲट्रिक्स, ऑर्थोपीडिक, रिहॅबिलिटेशन. हे लॉजीवाले नाहीत. यांची किल्ली वेगळी दिसते.

खिडकीतली

१८ जून

मास्तरीणबाई,

दोन्ही कार्डं पोचली. री-हॅ-बि-लि-टे-शन, वजन टे वर. शन आला की त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. ऑर्-थो-पी-डिक, वजन पी वर. इक आला की त्याच्याही आधीच्या तुकड्यावर. म्हणजे शेपूट बघायचं आणि मागे मोजत यायचं, शब्दाच्या तोंडाकडे बघायचंच नाही. मी आता दवाखान्यात पाट्या उजवीकडून वाचत चालते. परवा एका परिचारिकेच्या ट्रेला धडकले.

आणि वजन सरकतं हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. रे-डि-ऑ-ल-जी म्हणताना ऑ वर, आणि तपासणीच्या खोलीबाहेर रे-डि-ओ-लॉ-जि-कल लिहिलंय तिथे ते उठून लॉ वर जाऊन बसतं. एका घरातले शब्द, तेच हाड, तेच मांस, पण नवीन शेपूट लागलं की वजन दुसऱ्याकडे. मी हे सुपरवायझरना सांगायला धावत गेले. ते जेवत होते. म्हणाले, "बाई, मला माहीत आहे." मग घास गिळून म्हणाले, "पण असं कधी लक्षात आलं नव्हतं." मनाने चांगले आहेत, फक्त चेहरा कायम बिल भरायला उभं राहिल्यासारखा.

आता वाईट बातमी. खुर्चीवर मी एकटी नाही. बिलिंगच्या खिडकीतली नवीन मुलगी आहे. इंग्रजी शाळेत शिकलेली, तिच्या तोंडून गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी असा येतो की जन्मल्याबरोबर तिने तोच शब्द उच्चारला असावा. मला तिचा राग करायचा होता. पण ती रोज येऊन विचारते, "मावशी, तुमची तयारी कशी चाललीये?" आणि खरंच उत्तर ऐकायला थांबते. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात.

मुलाचा फोन आला होता. माझ्यासाठी खोली रंगवून घेतो आहे. रंग कुठला हवा विचारत होता. मी म्हटलं, "तुला आवडेल तो." मी चाचणीचं त्याला सांगितलेलं नाही. तो म्हणेल, "या वयात माइक कशाला?" आणि मला ते तोंडावर ऐकायचं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रिहॅबिलिटेशन म्हणत बसले. वजन दरवेळी बरोबर पडलं.

एक सांगायचं राहिलं. मधे पाठवलेल्या दुसऱ्या यादीत मी रिकन्सिलिएशन टाकला होता. आमच्या दवाखान्यात त्या नावाचा विभाग नाही. तो मला समुपदेशनाच्या खोलीबाहेरच्या भित्तिपत्रकावर दिसला. सुपरवायझरना अर्थ विचारला तर म्हणाले, "तुटलेलं पुन्हा जुळणं." शेवटी शन आहे, किल्ली माझ्याकडे होती, तुला विचारायची काही गरज नव्हती. तरी पाठवला. तू त्याचेही तुकडे करून पाठवलेस. रे-कन्-सि-लि-ए-शन, ए वर रेघ. पुढे काही नाही, मागे काही नाही.

पण बाकीच्या शब्दांवरची रेघ तू एका फटक्यात मारतेस. यावरची दोनदा गिरवलेली आहे. पेन अडकलं असेल. मी काही म्हणत नाही.

खिडकीतली

२८ जून

मास्तरीणबाई,

झाली चाचणी. बस आधी कुठेतरी, उभ्याने वाचण्यासारखं नाही हे.

चाचणी म्हणजे खऱ्या घोषणा, चालू माइकवर, गर्दीच्या वेळेला. सुपरवायझर समोर, बाजूला जुन्या बाई. आधी बिलिंगची मुलगी. इंग्रजी तर विचारूच नकोस, लोणी. पण आपल्या भाषेत "शल्यचिकित्सा विभाग" म्हणताना तिची गाडी तीनदा घसरली आणि शेवटी ती घाबरून "ऑपरेशनचं जिथे असतं तिथे या" म्हणाली. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण पुढचा नंबर माझा होता.

मी बसले. कार्डिऑलॉजी गेलं. रिहॅबिलिटेशन गेलं. रेडिऑलॉजिकल मी असं म्हटलं की जुन्या बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, जिंकलीस ग बाई, आता खुर्ची तुझी. आणि तेवढ्यात सुपरवायझरनी शेवटची चिठ्ठी पुढे सरकवली. नाक, कान, घसा. आपल्या भाषेत तीन सरळ शब्द. इंग्रजीत ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी. घशाचा विभाग आणि नाव असं की घशातच अडकावं.

मला तो येत होता. ओ-टो-राय-नो-लॅ-रिन्-गॉ-ल-जी, वजन गॉ वर. घरी भांडी घासताना म्हणायचे. पण माइकसमोर तुकडे एकदम पांगले. सवयीने हात हनुवटीखाली गेला, म्हणून तोंड पुरतं उघडेना, आणि पाच मजल्यांवर नुसतं ओ-टो-म्-म्-म् गेलं. सुपरवायझर हातवारे करून सांगताहेत, हात काढा, हात काढा. हात काढला तर मोजणी गेली. वजन कुठे ते सापडेना. आणि वजन सापडत नसेल तर काय करायचं हे मला एकाच माणसाने शिकवलेलं आहे.

मी हाक मारली.

जिन्यात मारायचे तशी. डोळे मिटून, छाती भरून, ओटोरायनोलॅरिन् आणि मग गॉ, आणि तो गॉ मी सोडलाच नाही. तो वरच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली आला असेल. ल-जी कधी म्हटलं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा जुन्या बाईंनी कानांवर हात ठेवलेले होते आणि बाहेर सबंध दवाखाना गप्प झाला होता. मग कुठूनतरी एकजण हसला. मग सगळेच.

सुपरवायझर ओरडले नाहीत, तेच वाईट. हळू आवाजात म्हणाले, "बाई, हा दवाखाना आहे. इथे माणसं झोपलेली असतात." मी "हो" म्हटलं आणि बाहेर आले. बिलिंगची मुलगी पाणी घेऊन उभी होती.

मुलाला फोन केला, घ्यायला ये म्हणून सांगितलं. तो रविवारी रिकामी खोकी घेऊन येतो आहे. रडायला येईल असं वाटलं होतं, पण मला अजून हसायलाच येतंय. मास्तरीणबाई, काय गेला ग तो गॉ. तुला ऐकू आला नाही का तिथपर्यंत?

हे शेवटचं पत्र असावं. रंगवलेल्या खोलीत बसून मी तुला लिहिणार नाही, ते मी पहिल्याच पत्रात सांगितलं होतं. तुझी कार्डं मी बरोबर नेते आहे. ती मी कुठल्या कपाटात ठेवायची ते बघेन.

१ जुलै

मास्तरीणबाई,

शेवटचं नव्हतं. ऐक.

सोमवारी मी खिडकीतलं माझं सामान उचलायला गेले. सामान म्हणजे उशी आणि पाण्याची बाटली. तिथे सुपरवायझर आणि नाक-कान-घशाचे मोठे डॉक्टर माझी वाट बघत उभे. मी म्हटलं, आता हे लेखी माफी मागायला लावणार.

डॉक्टर म्हणाले, "परवा हाक मारली त्या तुम्हीच का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "आमच्या विभागाबाहेर बसलेल्यांत निम्म्यांना कमी ऐकू येतं. ऐकू येत नाही म्हणूनच तर येतात आमच्याकडे. रोज घोषणा होते, कुणाला कळत नाही, मग आम्ही बाहेर येऊन एकेकाच्या खांद्याला हात लावतो. परवा तुम्ही बोललात आणि बाक सगळा एकदम उभा राहिला." सुपरवायझर छताकडे बघत होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, "मला ह्याच बाई पाहिजेत. आवाज थोडा कमी केला तर चालेल, पण फार नाही."

ओरडायचं नाही, नुसतं वजन नीट टाकायचं, म्हणजे कमी ऐकणाऱ्यालाही निदान तो एक तुकडा पोचतो, असं डॉक्टर म्हणाले. हेच तू टेबलाशी बसून पोरांना सांगायचीस, मी समजत होते की हा सगळा शिष्टपणा आहे.

सकाळची पाळी बिलिंगच्या मुलीला, संध्याकाळची मला. म्हणजे खुर्ची आम्हा दोघींना. तिने मला मिठीच मारली, आणि लगेच विचारलं, "मावशी, शल्यचिकित्सा कसं म्हणायचं?" मी तिच्या हनुवटीखाली हात धरला.

मुलगा रविवारीच खोकी घेऊन घरी येऊन बसला होता. मी त्याला जेवायला वाढलं आणि सगळं सांगितलं, चाचणी, हाक, डॉक्टर. त्याने आमटी वाढून घेतली. मग म्हणाला, "रंग देऊन झालाय खोलीला." मी म्हटलं, "सुट्टीला येऊन राहीन की. रंग कुठे पळून जातोय." त्याला थोडं लागलं, ते मला दिसलं, आणि मी ते पुसायला गेले नाही. मग त्याने विचारलं, "आई, हे तुला शिकवलं कुणी?"

मी तुझं नाव घेतलं. सरळ, मोठ्याने.

तो ताटावरून उठला नाही. भात कालवत राहिला. मग म्हणाला, "ती चांगली शिकवायची." एवढंच. जाताना खोकी इथेच सोडून गेला, म्हणाला तुला हिवाळ्याचे कपडे ठेवायला होतील.

तर मास्तरीणबाई, खुर्ची मिळाली. तुला आता चोरून लिहायला नको, उघड लिहिता येईल. पण एक अडचण झाली आहे. माझे शब्द संपले. दवाखान्यातली प्रत्येक पाटी मला येते आणि नवीन विभाग काढायचा तर ते माझ्या हातात नाही. तुला विचारायला काहीच उरलं नाही, म्हणजे तुला कार्ड पाठवायला कारण उरलं नाही. मी उगाच अवघड शब्द शोधून पाठवू शकते, पण तू हुशार आहेस, तुला कळेल.

म्हणून सरळच विचारते. एकदा येशील का? माझा आवाज ऐकायला ये. पत्ता पाकिटावर आहे. या वेळी मीच लिहिलाय.

माइकवरची

२० जुलै

मास्तरीणबाई,

काल तू येऊन गेलीस. आपण इतकं बोललो की दोघींचे घसे बसले, आणि आज मला संध्याकाळी कामावर गरम पाणी घेऊन बसावं लागणार आहे. तरी एक गोष्ट बोलायची राहिली. तू बाहेर चौकशीच्या खिडकीपाशी होतीस. आत काय झालं ते तुला माहीत नाही.

आमच्याकडे नियम आहे. भेटायला आलेल्या माणसाची चिठ्ठी चौकशीच्या खिडकीतून आत येते. कुणाला भेटायचं, कोण आलंय, आणि नातं काय. नातं लिहिलेलं नसेल तर घोषणा करायची नाही. मागे एकदा भलताच माणूस भलत्याच रुग्णाला भेटून रडून गेला होता, तेव्हापासून हा नियम. मी नवीन आहे, नियम फार कडक पाळते.

काल गर्दी होती. चिठ्ठ्यांचा ढीग. एक चिठ्ठी हाताला आली, नात्याची जागा कोरी. मी वर-खाली काही बघितलं नाही, शिपायाच्या हातात परत दिली. म्हटलं, "नातं भरून आण, त्याशिवाय मी वाचणार नाही." तो गेला. मी पुढच्या चिठ्ठ्या वाचल्या. म्हणजे तू एवढा प्रवास करून आलीस आणि मी तुला खिडकीतून परत पाठवलं. आज सकाळपासून मी हे आठवून दहा वेळा कपाळावर हात मारून घेतला.

चिठ्ठी परत आली. नात्याच्या जागी काहीतरी लिहून खोडलेलं होतं. त्याच्या बाजूला आणखी काहीतरी लिहून तेही खोडलेलं. मग कंटाळून सोडून दिलेलं. मी शिपायाला पुन्हा बोलायला तोंड उघडलं आणि मला त्या खोडलेल्या रेघा दिसल्या. रेघ मी ओळखते. माझ्याकडे कार्डांचा गठ्ठा आहे त्या रेघेचा.

तेव्हा चिठ्ठीत वर बघितलं. भेटायचं कुणाला, तर घोषणा कक्ष.

मास्तरीणबाई, मी ती चिठ्ठी ढिगातून वेगळी काढून माइकजवळ ठेवली. ती खोली बंद आहे, तिथून बाहेरचं काही दिसत नाही. तू अजून उभी आहेस की नातं भरता येईना म्हणून गेलीस, मला कळायला मार्ग नव्हता. खुर्ची सोडून उठता येत नाही, पाळी संपायला वेळ होता. माझ्याजवळ होता तो फक्त माइक. आणि नात्याची जागा भरल्याशिवाय वाचायचं नाही हा नियम माझ्याच तोंडून शिपायाने नुकताच ऐकला होता, तो दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता.

तुला काय लिहायचं होतं आणि काय खोडलंस ते मी विचारणार नाही. सून लिहिणं तुला पटलं नसेल, आणि ते बरोबरच आहे, ते घर तू सोडलंस. पाहुणी मला चालली नसती. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "घोषणा कक्षातल्या बाईंचं माणूस चौकशीच्या खिडकीपाशी आलेलं आहे. त्यांनी तिथेच थांबावं. बाईंची पाळी संपेपर्यंत कृपया कुठेही जाऊ नये."

मग इंग्रजीत सांगायचं होतं. तोंड उघडलं. माझं माणूस. आता इंग्रजीतले मोठमोठे शब्द मला येतात, नऊ-नऊ तुकड्यांचे, वजनासकट. पण याला काय म्हणतात ते मला सापडलं नाही. मी बटण दाबून तशीच बसले. पाच मजल्यांवर माझा नुसता श्वास ऐकू गेला असेल. मग मी बटण सोडून दिलं.

सुपरवायझर आत आले. म्हणाले, "बाई, इंग्रजीत राहिलं."

मी म्हटलं, "राहू दे. जिला कळायचं तिला कळलं असेल."

ते गेले. आणि मला खात्री नव्हती, म्हणून मी पुन्हा बटण दाबलं आणि तेच सगळं आणखी एकदा सांगितलं.